कालव्याचे पाणी आणि डासांची कुळे

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर नावाचे गाव आहे. तेथे उघड्या चौथऱ्यावर शनिदेवाची काळीभोर शिळा उभी आहे. तिच्यावर छत नाही, भोवती गाभारा नाही. उन्हापावसात ती तशीच उभी असते. ज्या गावाच्या देवाने आपल्याला भिंती नकोत म्हटले, त्या गावाच्या घरांनाही दारे नसावीत, असा येथील जुना परिपाठ आहे. घराला उंबरठा असतो, आत देवघर असते, दाण्यांच्या कणग्या असतात; पण कवाड नसते आणि कुलूप तर नसतेच. देव राखणदार आहे, चोर येथे पाऊल टाकणार नाही, असा गावकऱ्यांचा विश्वास आहे. २०११ साली या गावात एका बँकेने शाखा उघडली, तेव्हा तिच्या दारालाही कुलूप लावण्यात आले नाही. दूरदूरचे यात्रेकरू शनिअमावास्येला येथे येतात, तेव्हा ही बिनदाराची घरे ते कौतुकाने पाहतात.

परंतु दिवस मावळला, गुरे गोठ्यात परतली, अंगणात दिवा लागला, म्हणजे एक पाहुणा या मोकळ्या उंबरठ्यावरून निःशंकपणे आत येतो. त्याला कोणी बोलावलेले नसते. तो दाणे नेत नाही, दागिने नेत नाही. निजलेल्या माणसाच्या अंगातील रक्ताचा एक थेंब तेवढा घेतो. हा पाहुणा म्हणजे डास. खरे पाहता दाराकवाडांनी तो अडतो, असेही नाही. कडेकोट बंदोबस्ताच्या वाड्यातही त्याला फट सापडतेच. म्हणून ही गोष्ट एका शिंगणापूरची नाही. जेथे जेथे माणसाने पाणी अडवले, वळवले, साठवले, तेथे तेथे ती घडली आहे. आजच्या पाठात आपण तिचा विचार करू.

कोरड्या मुलखात पाणी आले

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळी ढग रिते होतात आणि पूर्वेकडील मैदानावर येईपर्यंत त्यांच्यात फारसे पाणी उरत नाही. नेवासे, शेवगाव, पाथर्डी हा सारा भाग या पर्जन्यछायेत येतो. बाजरी आणि ज्वारी ही येथील जुनी पिके. आड आणि विहिरी हाच पाण्याचा आधार. एखाद्या वर्षी मृगाने पाठ फिरविली की गुरे विकावी लागत. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांच्या स्मरणात अजून ताजा आहे.

या मुलखाचे रूप धरणांनी पालटले. प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. पुढे १९७० च्या दशकात राहुरी तालुक्यात मुळा नदीवर मोठे धरण उभे राहिले आणि त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी नेवासे तालुक्यातील शेतांना मिळू लागले. १९७६ साली पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचे धरण झाले. त्याच्या नाथसागराचे पाणी नेवासे व शेवगाव तालुक्यांच्या सीमेत शिरले. जेथे कुसळे उगवत, तेथे ऊस डोलू लागला. साखर कारखाने आले, रस्ते आले, शाळा आल्या. हे सारे वैभव पाण्याचे आहे आणि त्याबद्दल कृतज्ञ असणेच योग्य होय.

तथापि निसर्गाच्या घरी एक वस्तू बदलली की तिच्याबरोबर दुसऱ्या दहा बदलतात. कालव्याच्या कडेने पाणी पाझरते. पाटचारीच्या वळणावर डबके साचते. उसाच्या फडात ओल राहते. चारीत गवत माजले की प्रवाह मंदावतो. पूर्वी पावसाळा सरला की या भागातील डबकी आटत आणि त्यांतील डासांची पैदास थांबे. आता ऐन उन्हाळ्यातही त्यांना घर मिळाले. शेतकऱ्यासाठी आणलेले पाणी डासांनीही आपले मानले.

पाणी तसा डास

सर्व डास सारखेच, असे आपल्याला वाटते. परंतु सुगरण जशी काटेरी झाडाची फांदी निवडते आणि साळुंकी भिंतीतील भोक निवडते, तशी प्रत्येक जातीची डासीण अंडी घालण्यासाठी आपल्या आवडीचे पाणी शोधते. रक्त पिते तीही मादीच, कारण अंडी परिपक्व होण्यासाठी तिला त्याची गरज असते. नर फुलांचा रस व इतर गोड रस यांवर जगतो.

ॲनोफेलिस नावाच्या डासांच्या काही जाती हिवतापाचा प्रसार करतात. त्यांतील क्युलिसिफेसिज ही जात खेड्यापाड्यांत आढळते. तिला स्वच्छ, उन्हातले, संथ पाणी आवडते : नदीच्या पात्रातील कुंड, कालव्याची कड, पाटाचे पाझर, नवे खणलेले खड्डे. भारतातील निम्म्याहून अधिक हिवताप या एका जातीमुळे पसरतो, असे शास्त्रज्ञ मानतात. स्टीफेन्सी ही तिची नातलग विशेषतः शहरात राहते व विहिरी आणि टाक्या पसंत करते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत हिवतापाचे मूळ शोधताना याच डासाकडे बोट दाखविले गेले, आणि तेथील काही विहिरी बुजविण्यात आल्या, तर काहींवर झाकणे बसविण्यात आली. हत्तीरोग पसरविणारा क्युलेक्स गटारातील घाण पाण्यात वाढतो. डेंगी व चिकुनगुन्या पसरविणारा, अंगावर पांढरे पट्टे असलेला एडिस मात्र आपल्या घरातच राहतो. रांजण, हौद, फुलदाणी, फुटका टायर यांतील पाणी त्याला पुरते. तो दिवसा चावतो.

डास हिवताप पसरवितो, ही गोष्ट फार जुन्या काळी कोणास ठाऊक नव्हती. दूषित हवेने ताप येतो, असा समज होता. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस या डॉक्टरांनी ॲनोफेलिस डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू पाहिले, आणि खरा अपराधी कोण ते जगाला समजले.

विजय आणि माघार

शत्रू ओळखला की त्याच्यावर चाल करून जाणे सोपे होते. देश स्वतंत्र झाला त्या १९४७ च्या सुमारास भारतात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी माणसे हिवतापाने आजारी पडत आणि आठ लाख मृत्यू पावत. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पाठीवर पंप घेतलेले फवारणी कामगार खेड्याखेड्यांतून हिंडले. घरांच्या आणि गोठ्यांच्या भिंतींवर त्यांनी डीडीटी या औषधाचे पांढरे पुट चढविले. क्युलिसिफेसिज डासीण रक्त प्यायल्यावर जड अंगाने जवळच्या भिंतीवर विसावते. त्या विसाव्यातच तिला मरण येऊ लागले. यश इतके मोठे होते, की १९५८ साली कार्यक्रमाचे नाव बदलून ‘नियंत्रण’ऐवजी ‘निर्मूलन’ असे ठेवण्यात आले. १९६१ साली साऱ्या देशात हिवतापाचे रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास उरले.

परंतु या विजयाच्या काळातच एक अशुभ वार्ता आली होती. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पंचमहाल जिल्ह्यात १९५९ साली असे क्युलिसिफेसिज डास आढळले, की ज्यांच्यावर डीडीटीचा परिणाम होत नव्हता. हे कसे घडले? डासांनी काही विद्या शिकली नाही. लक्षावधी डासांत एखादा असा जन्मतो, की ज्याला विष बाधत नाही. इतर मरतात, तो जगतो. त्याची संततीही त्याच्यासारखीच निपजते. डासाची पिढी पंधरा-वीस दिवसांत पालटते. म्हणून माणसाच्या एका आयुष्यात होऊ शकत नाही, इतका बदल डासांच्या कुळात चार वर्षांत होतो. जणू आपणच चाळणी हाती धरून बळकट दाणे निवडून पेरले!

औषध निष्प्रभ होऊ लागले, पुरवठ्यात खंड पडला, दक्षता सैल झाली. १९७६ साली देशातील रुग्णांची संख्या पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली.

एका नावाची पाच कुळे

आता या कथेतील एका चमत्कारिक वळणाकडे येऊ. काही ठिकाणी क्युलिसिफेसिज डास विपुल असूनही हिवताप थोडा होता, तर काही ठिकाणी डास थोडे असूनही हिवताप पुष्कळ होता. एकच जात, मग तिची वागणूक निरनिराळी का?

याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडले. प्राण्याच्या शरीरातील प्रत्येक पेशीत गुणसूत्रे नावाचे धागे असतात. आईचा एक व वडिलांचा एक, असे त्यांचे जोड असतात. डासिणीच्या अंडाशयातील काही पेशींत हे धागे जाड होतात आणि त्यांच्यावर आडवे पट्टे दिसू लागतात. शास्त्रज्ञांनी दिल्लीजवळच्या डासांतील पट्टे मोजले, तेव्हा त्यांना दिसले, की काही डासांत धाग्याच्या एका भागातील पट्ट्यांचा क्रम सुलट आहे, तर काहींत तोच क्रम उलट आहे.

समजा, सुलट धाग्याच्या डासांचा उलट धाग्याच्या डासांशी सर्रास विवाह होत असता. मग त्यांच्या संततीला आईकडून एक सुलट आणि वडिलांकडून एक उलट धागा मिळाला असता. असे दोन धागे शेजारी ठेवले, तर जुळण्यासाठी त्यांना वेटोळे घ्यावे लागते, आणि ते वेटोळे सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसते. परंतु एकाच गोठ्यात पकडलेल्या डासांत सुलट-सुलट जोडी सापडे, उलट-उलट जोडी सापडे; वेटोळे मात्र जवळजवळ सापडेना. याचा अर्थ उघड होता. एका छताखाली राहूनही ही दोन कुळे परस्परांशी सोयरीक करीत नव्हती. डोळ्यांना एक दिसणाऱ्या त्या दोन भिन्न जाती होत्या! १९८० साली हा शोध प्रसिद्ध झाला. पुढे आणखी तीन जाती ओळखल्या गेल्या. त्यांना अ, ब, क, ड आणि इ अशी नावे दिली आहेत. महाराष्ट्राच्या बाजूस, पश्चिम भारतात, ब आणि क या जाती विशेषेकरून आढळतात.

या कुळांचे स्वभाव भिन्न आहेत. ब जात बहुतांशी गुरांचे रक्त पिते आणि हिवतापाचा जंतू तिच्या शरीरात सहसा टिकत नाही. अ जात हिवताप सहज पसरविते. डीडीटीला ब जात जितकी लवकर दाद देईनाशी झाली, तितकी अ जात झाली नाही. म्हणून उत्तर भारतात काही ठिकाणी ‘डास मरत नाहीत’ असे दिसत असतानाही फवारणीने हिवताप कमी होत होता. कारण जे मरत होते, तेच खरे अपराधी होते. उलट, रामेश्वर बेटावर ब जातीसारखे डास असूनही हिवताप होता. तेथे बारकाईने पाहिले, तेव्हा १९९९ साली इ ही पाचवी जात वेगळी ओळखली गेली. ती माणसांना आवर्जून चावणारी निघाली. शत्रूचे नुसते आडनाव ठाऊक असून भागत नाही. त्याचे घराणे ओळखावे लागते, ते असे.

संकराची कथा

भिन्न कुळांच्या मीलनाने होणाऱ्या संततीला आपण संकर म्हणतो. नगरच्या शेतकऱ्याला हा शब्द नवा नाही. संकरित बाजरी त्याच्या शेतात आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ ही गाय तयार केली, तिच्यात होल्स्टीन फ्रिजियन, जर्सी आणि आपली गीर अशा तीन वंशांचे गुण एकत्र आले आहेत. परंतु या गाई मुळात एकाच जातीच्या. जेथे दोन जाती खरोखर वेगळ्या असतात, तेथे निसर्ग सहसा आडवा येतो. घोडी आणि गाढव यांचे अपत्य खेचर. ते बळकट असते, पण त्याला संतती होत नाही. क्युलिसिफेसिजच्या कुळांचा प्रयोगशाळेत संकर केला, तेव्हा तेथेही काही जोड्यांचे नर वांझ निपजले. निसर्गाने जातीजातींमध्ये असे बांध घातलेले आहेत.

परंतु बांध फुटू शकतात, निदान झिरपू शकतात. याचे उदाहरण आफ्रिकेत घडले. तेथे हिवताप पसरविणाऱ्या गॅम्बिए आणि कोलुझी अशा दोन जवळच्या जाती आहेत. गॅम्बिए पावसाच्या क्षणभंगुर डबक्यांत वाढते, तर कोलुझी भातखाचरे व पाटपाणी यांसारख्या टिकाऊ पाण्यात. सायंकाळी दोघींचे नर निरनिराळ्या जागी थवे करतात आणि माद्या आपापल्या थव्याकडे जातात. एवढ्याशा शिष्टाचारावर त्यांचे वेगळेपण अवलंबून आहे. कधीमधी चूक होते आणि संकर जन्मतो. तो सहसा तग धरीत नाही.

पश्चिम आफ्रिकेतील माली देशात डासांना मारणारे औषध लावलेल्या मच्छरदाण्यांचा वापर वाढला. हे औषध पचविणारा गुण गॅम्बिएच्या कुळात होता, कोलुझीच्या कुळात नव्हता. २००६ च्या सुमारास तेथे संकराचे प्रमाण वाढले आणि त्यानंतर तो गुण कोलुझीच्याही रक्तात आढळू लागला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून ही हकीकत उघडकीस आली. पुढे संकरित डास कमी झाले, दोन्ही जाती पुन्हा वेगळ्या दिसू लागल्या. पण गुण मागे राहिला. नदीचा पूर ओसरतो, मात्र त्याने आणलेला गाळ शेतात राहतो, तसेच हे झाले. जो गुण स्वतःच्या कुळात निपजण्याची वाट पाहावी लागली असती, तो शेजारच्या कुळाकडून आयता मिळाला.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील क्युलेक्स डासांचे. युरोपात या डासांचे एक कूळ मुख्यतः पक्ष्यांना चावते आणि दुसरे माणसांना. अमेरिकेत या कुळांचे संकर मोठ्या प्रमाणात आढळतात, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पक्षी आणि माणूस या दोघांनाही चावणारा असा डास पक्ष्यांमधील वेस्ट नाईल विषाणू माणसापर्यंत आणणारा पूल ठरू शकतो.

या दोन कथांतून पर्यावरण आणि संकर यांचा संबंध ध्यानी येतो. दोन जाती वेगळ्या राहतात, कारण त्यांचे पाणी, त्यांच्या वेळा व त्यांच्या जागा वेगळ्या असतात. माणूस कोरड्या रानात पाट आणतो, रान तोडून गाव वसवितो, भिंतीवर औषध फवारतो, तेव्हा या साऱ्या खुणा पालटतात. जे कधी भेटले नसते, ते भेटतात. अशा वेळी संकटात तारून नेणारा एखादा गुण कुळाची सीमा ओलांडून जातो.

दुष्काळही डास वाढवितो

पाणी मुबलक झाले म्हणूनच डास येतात असे नव्हे. पाणी दुर्मिळ झाले तरीही येतात. नळाला चार दिवसांआड पाणी आले, की आपण घरातील प्रत्येक भांडे भरून ठेवतो, आणि एडिस डासाला नेमके तेच हवे असते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. ती एडिस डासानेच पसरविली.

एडिसची मूळ भूमी आफ्रिका. तेथील रानातले एडिस प्राण्यांना चावतात. निरनिराळ्या प्रदेशांतील एडिसची परीक्षा करून २०२० साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की जेथे उन्हाळा दीर्घ आणि कडक असतो व जेथे दाट वस्ती असते, तेथील एडिसला माणसाचा गंध अधिक प्रिय असतो. कारण कोरड्या ऋतूत पाणी रानात नसते. ते माणसाच्या रांजणात असते. पाण्यासाठी माणसाच्या घरी आलेला डास हळूहळू माणसाचाच झाला.

पाण्याबरोबर डास किती दूर जातात, हेही पाहण्यासारखे आहे. राजस्थानच्या थरच्या वाळवंटात इंदिरा गांधी कालवा गेला, आणि त्याच्या काठाने क्युलिसिफेसिजही वाळवंटात पोहोचला. १९९४ साली पश्चिम राजस्थानात हिवतापाची भयंकर साथ उसळली. आपल्या विहिरींतला स्टीफेन्सी २०१२ साली आफ्रिकेतील जिबुती येथे प्रथमच आढळला आणि पुढे तेथील इतर देशांत पसरला.

मग उपाय कोणता?

कालवा बुजवावा काय? तसे म्हणणे म्हणजे पाटावरील शेवाळावर घसरलो, म्हणून पाणीच सोडून देणे होय. पाणी हवेच, त्याच्याबरोबर शहाणपणही हवे.

डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत सुमारे आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातील सर्व भांडी रिकामी करून, आतून घासून कोरडी ठेवावीत. नुसते पाणी ओतून चालत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहू शकतात. ज्या हौदाचे पाणी काढता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडावेत. ते डासांच्या अळ्या आवडीने खातात. पाटचारीतील गवत काढून प्रवाह मोकळा ठेवावा. पाळीपाळीने पाणी सोडले व मध्ये चारी कोरडी पडू दिली, तर अळ्या मरतात. रात्री मच्छरदाणीत निजावे. ताप आला की अंगावर न काढता रक्ताची तपासणी करून घ्यावी.

संकराची विद्या आपल्याही उपयोगी पडू शकते. वोल्बाकिया नावाचा एक सूक्ष्म जीव अनेक कीटकांच्या शरीरात निसर्गतःच असतो. एडिसच्या शरीरात तो शिरविला, तर डेंगीचा विषाणू तेथे नीट वाढत नाही. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात असे डास सोडण्यात आले, तेव्हा त्या भागात डेंगीचे प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी आढळले. हा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. पुदुच्चेरी येथील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या केंद्राने असे डास आणून स्थानिक एडिसशी त्यांचा संकर केला आणि आपल्या हवामानास साजेशी कुळे तयार केल्याचे २०२२ साली जाहीर केले. ज्या वाटेने शत्रूला बळ मिळते, त्याच वाटेने त्याचे बळ काढूनही घेता येते.

परंतु कोणतेही एक औषध वा एक युक्ती कायमची पुरणार नाही, हा पंचमहालचा आणि मालीचा धडा आहे. डासांचे कूळ बदलत राहील. म्हणून ते कोठे वाढते, कोणाला चावते, कोणत्या औषधाने मरते, हे वर्षानुवर्षे पाहत राहणे आवश्यक आहे. हे काम मोठ्या प्रयोगशाळांत चालते, तसेच ते आपल्या अंगणातही सुरू होऊ शकते. पांढऱ्या वाटीत डबक्यातील पाणी घ्या आणि शांतपणे न्याहाळा. पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर, आडवी पडलेली अळी दिसली तर ती ॲनोफेलिसची समजावी. डोके खाली करून तिरपी लोंबकळणारी दिसली तर ती क्युलेक्स किंवा एडिसची. पाहून झाल्यावर ते पाणी कोरड्या मातीवर ओतून टाकावे.

शनिशिंगणापूरच्या घरांनी माणसावर विश्वास ठेवला आणि दारे लावली नाहीत. तो विश्वास मोलाचा आहे. डासाला मात्र माणसाच्या विश्वासाची ओळख नाही. त्याला अडवावयाचे, तर पाण्यावर लक्ष ठेवणारा डोळा आणि आठवड्याच्या आठवड्याला रांजण घासणारा हात हवा. ज्या घरात एवढे आहे, त्या घराचा उंबरठा मोकळा असला तरी निजलेल्या लेकराची झोप सुखाची होईल.

शब्दार्थ

परिपाठ – रीत, प्रघात. कणगी – धान्य साठविण्याचे बांबूचे मोठे भांडे. पर्जन्यछाया – डोंगराच्या आडोशामुळे कमी पाऊस पडणारा प्रदेश. पाटचारी – कालव्याचे पाणी शेतापर्यंत नेणारा लहान पाट. निर्मूलन – मुळासकट नाहीसे करणे. गुणसूत्र – आईवडिलांचे गुण संततीत नेणारा पेशीतील धागा. संकर – दोन भिन्न कुळांच्या मीलनाने झालेली संतती. दाद न देणे – परिणाम होऊ न देणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा : (अ) रक्त कोणता डास पितो, नर की मादी? का? (आ) डीडीटीला न जुमानणारे क्युलिसिफेसिज डास १९५९ साली कोठे आढळले?

२. मुळा व जायकवाडी धरणांमुळे नेवासे तालुक्यात कोणते बदल झाले? त्यांचा डासांच्या पैदाशीशी काय संबंध आहे?

३. ‘एका छताखाली राहूनही ही दोन कुळे परस्परांशी सोयरीक करीत नव्हती.’ हे शास्त्रज्ञांनी कशावरून ओळखले, ते आपल्या शब्दांत सांगा.

४. कारणे द्या : (अ) फवारणीमुळेच औषध पचविणारे डास वाढले. (आ) पाणीटंचाईच्या गावातही डेंगीची साथ येते. (इ) मालीतील संकरित डास कमी झाले, तरी चिंता उरली.

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : पाठ फिरविणे, बोट दाखविणे, अंगावर काढणे, तग धरणे.

६. उपक्रम : आपल्या घराच्या व शाळेच्या परिसरात पाणी साचणाऱ्या जागांची यादी करा. सलग चार आठवडे प्रत्येक जागेची पाहणी करून अळ्या आढळल्या की नाही, याची नोंद तारखेसह वहीत ठेवा व ती वर्गात वाचून दाखवा.